पाळीच्या तारखा चुकतात तेव्हा : वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरं

या वेळच्या टपालात सगळ्यात जास्त पत्रं होती ती 'पाळी अनियमित आहे' अशा तक्रारीची. त्यांतल्या निम्म्याहून अधिक पत्रांत तारखाच नव्हत्या आणि तारखांशिवाय आम्हाला काहीच सांगता येत नाही. म्हणून आधी मोजायचं कसं ते सांगतो. पॅड घ्यावंच लागेल इतका स्राव ज्या दिवशी सुरू होतो तो पहिला दिवस. आदल्या दिवशीचा तपकिरी डाग धरायचा नाही. या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंतचं अंतर म्हणजे चक्र. पाळी ५ मार्चला सुरू होऊन ९ मार्चला थांबली आणि पुढची २ एप्रिलला आली, तर अनेकजणी 'चोवीस दिवसांतच आली' म्हणतात. खरं चक्र २८ दिवसांचं आहे. त्याच मुलीला पुढची पाळी ३० एप्रिलला येईल आणि 'एका महिन्यात दोनदा आली' म्हणून घरात धावपळ उडेल. तिच्या शरीरात काहीही चुकलेलं नाही. महिने ३० आणि ३१ दिवसांचे असतात, एवढंच.

माझी मुलगी तेरा वर्षांची आहे. पहिली पाळी सहा महिन्यांपूर्वी आली. त्यानंतर ३८, ६१, २४ आणि ४७ दिवसांच्या अंतराने आली. मधली एक बरीच जास्त गेली, सहा दिवस. शेजारच्या काकू म्हणतात, आत्ताच गोळ्या देऊन सुरळीत करून घ्या, नाहीतर पुढे जड जाईल. काय करू? – एक आई, इचलकरंजी

ताई, गोळ्या नकोत. तुम्ही तारखा लिहून पाठवल्यात म्हणून इतक्या ठामपणे सांगता येतंय.

पाळी महिन्याच्या महिन्याला येण्यासाठी बीजकोशातून बीज सुटावं लागतं. त्याची आज्ञा मेंदूतल्या पीयूषिका ग्रंथीकडून येते आणि ही ये-जा नीट बसायला पहिली दोन-तीन वर्षं लागतात. तोवर काही महिने बीज सुटतच नाही. इस्ट्रोजेन हे हार्मोन मात्र तयार होत असतं, त्यामुळे गर्भाशयाचं अस्तर वाढत राहतं. ते धरून ठेवणारं आणि वेळेवर एकदम सोडणारं दुसरं हार्मोन, प्रोजेस्टेरॉन, बीज सुटल्यावरच तयार होतं. ते नसलं की अस्तर जाड होत होत आपोआप तुटायला लागतं. म्हणून पाळी लांबते आणि लांबलेली पाळी अनेकदा जास्त जाते. तुमच्या मुलीची ६१ दिवसांनंतरची पाळी बहुधा तीच.

किती अंतर चालेल, हे मुलीच्या वयापेक्षा पहिल्या पाळीला किती काळ झाला यावर ठरतं. पहिल्या वर्षी अंतर बरंच खालीवर होतं. मात्र एकदाही ९० दिवसांपेक्षा जास्त खंड पडू नये. एक ते तीन वर्षांच्या काळात २१ ते ४५ दिवस. तीन वर्षांनंतर २१ ते ३५ दिवस आणि वर्षाला किमान आठ पाळ्या. स्राव दोन ते सात दिवस. तुमची मुलगी यात बसते.

डॉक्टरांकडे न्यायचं ते नव्वद दिवस उलटले तर, स्राव सात दिवसांच्या पुढे गेला तर, किंवा पुन्हा पुन्हा २१ दिवसांच्या आत पाळी येऊ लागली तर. आत्ता हार्मोनच्या गोळ्या दिल्या तर कॅलेंडर देखणं दिसेल, पण तो रक्तस्राव गोळ्यांचा असेल आणि तिचं स्वतःचं चक्र कुठवर बसलंय हे कुणालाच कळणार नाही. काकूंनी पपई, तीळ-गूळ सांगितला असेल तर तो खाऊ म्हणून जरूर द्या. त्याने पाळी ओढून आणता येत नाही.

वय १९. पुण्यात राहून एमपीएससीचा अभ्यास करते. पहिली पाळी चौदाव्या वर्षी. सध्या ३२ ते ४१ दिवसांनी येते. सोनोग्राफीत दोन्ही बीजकोशांत 'अनेक छोट्या सिस्ट' निघाल्या आणि पीसीओडी असल्याचं सांगितलं. चेहऱ्यावर थोडे मुरूम आहेत. घरी कळल्यापासून आई लग्नाचं आणि मुलाबाळांचं काढून रडते आहे. – नाव नको

आईला हे उत्तर वाचून दाखव.

तुझ्या वयात बीजकोशांत छोट्या पुटिका भरपूर दिसणं हेच मुळी तरुणपणाचं लक्षण आहे. प्रत्येक पुटिकेत एक बीज असतं. त्या गाठी नाहीत, काढायच्या नसतात आणि त्यांचा कॅन्सर होत नाही. म्हणूनच २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार पहिल्या पाळीपासून आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएसचं (यालाच पीसीओडीही म्हणतात) निदान करायचंच नाही. एएमएच या रक्ततपासणीवरूनही नाही. तुला पाच वर्षं झाली आहेत. तरीही पोटावरून प्रोब फिरवला, दोन ओळींचा रिपोर्ट आला आणि मुलीच्या कपाळी शिक्का बसला, असं आपल्याकडे सर्रास होतं. आम्हाला ते अजिबात पटत नाही.

तुझ्या वयात निदानाला दोन्ही गोष्टी लागतात. एक, वर सांगितलेल्या मापाने अनियमित पाळी. दोन, पुरुषी हार्मोन जास्त असल्याचा पुरावा: हनुवटी, छाती, बेंबीखाली जाड काळे केस, औषधांना दाद न देणारे तीव्र मुरूम, किंवा रक्तात वाढलेलं टेस्टोस्टेरॉन. थोडे मुरूम यात धरत नाहीत. ४१ दिवसांचं चक्र मात्र ३५ च्या पुढचं आहे, तेव्हा विषय सोडूनही द्यायचा नाही. टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), टेस्टोस्टेरॉन आणि १७-ओएच प्रोजेस्टेरॉन (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीसाठी) एवढ्या रक्ततपासण्या करून घे. शेवटची सकाळी लवकर, पाळीच्या दुसऱ्या ते पाचव्या दिवसात. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर टेस्टोस्टेरॉनच्या आकड्याला अर्थ राहत नाही. गोळ्या थांबवून तीन महिने जावे लागतात. त्या आधीच सुरू केल्या असशील तर हे डॉक्टरांना आवर्जून सांग.

वजन जास्त असेल तर ते पाच टक्के उतरलं तरी पुष्कळदा पाळीत फरक दिसतो. ७० किलो वजन असेल तर साडेतीन किलो. त्याहून मोठं उद्दिष्ट घेऊन उपासमार करू नकोस. वजन नेमकं असेल तर हा सल्ला तुझ्यासाठी नाही. पीसीओएस ठरलंच तर साखरही बघायची: उपाशीपोटी आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी.

गोळ्यांबद्दल. २१ दिवस गोळ्या आणि सात दिवस खंड अशा पद्धतीत येणारी 'पाळी' गोळ्या थांबल्यामुळे येते. त्यांनी अस्तराचं रक्षण होतं, मुरूम आणि केसही कमी होतात. पण मूळ घडण बदलत नाही. बंद केल्यावर पाळी पुन्हा लांबली तर गोळ्यांनी बिघडवलं असं नसतं, जुनंच चक्र परत आलेलं असतं. सुरू करण्याआधी रक्तदाब मोजलाच पाहिजे. डोळ्यांपुढे चमकत्या रेषा दिसून मग डोकं दुखत असेल, किंवा घरात कुणाच्या पायात अथवा फुप्फुसात रक्ताची गुठळी झाली असेल, तर ते न लपवता सांगायचं. कुठल्याही उपचाराशिवाय राहायचं ठरवलंस तरी ९० दिवसांच्या पुढे पाळीविना जाऊ देऊ नकोस. अस्तर साठत राहणं बरं नाही.

आणि मूल? पीसीओएस असलेल्या बहुतेक बायकांना मुलं होतात. काहींना बीज सुटण्यासाठी थोडे दिवस गोळ्या लागतात. एकोणिसाव्या वर्षी त्यासाठी लग्न उरकण्याचं काहीच कारण नाही.

जाता जाता, परीक्षेबद्दल. बीज सुटल्यावर साधारण दोन आठवड्यांनी पाळी येते आणि हा काळ फारसा बदलत नाही. ताण, जागरण, मेसचं अर्धवट जेवण यांनी लांबतो तो आधीचा टप्पा. म्हणजे परीक्षेच्या दिवशी पाळी आली नाही, तर कारण त्याआधीच्या दोन-चार आठवड्यांत शोधायचं.

पोलीस भरतीची तयारी करते. वय २१, उंची १५८ सेंमी. चार महिन्यांत वजन ५२ वरून ४५ झालं. सकाळ-संध्याकाळ धावते, रात्रीचं जेवण बंद केलंय. आधी पाळी वेळेवर होती, आता पाच महिने आलीच नाही. ग्राउंडवरच्या मुली म्हणतात, बरंच झालं, कटकट गेली. नडगी दुखते. – माण तालुका

कटकट गेलेली नाही, ती हाडांत शिरते आहे.

पूर्वी नियमित असलेली पाळी तीन महिने आली नाही की डॉक्टरांकडे जायचं. तू दोन महिने उशीर केला आहेस. तिथे सगळ्यात आधी लघवीची गरोदरपणाची तपासणी सांगतील. राग मानू नकोस, पाळी चुकलेल्या प्रत्येकीची तीच पहिली तपासणी असते. मग रक्तातलं टीएसएच (थायरॉइडसाठी), प्रोलॅक्टिन (दूध आणणारं हार्मोन), एफएसएच (बीजकोशाला आज्ञा देणारं हार्मोन), इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) आणि हिमोग्लोबिन.

तुझ्या बाबतीत कारण बहुधा ताटातच आहे. पळण्यात जितकं खर्च होतं तितकं पोटात जात नाही, तेव्हा मेंदू पुनरुत्पादनाचं खातं बंद करतो. आज्ञा थांबते, बीजकोश गप्प बसतात, इस्ट्रोजेन उतरतं. हाडांत कॅल्शियम टिकवणारं हेच इस्ट्रोजेन. विशीच्या मध्यापर्यंत हाडांची जी शिल्लक पडते त्यावर पुढचं आयुष्य काढायचं असतं, आणि तू नेमकी त्याच वर्षांत आहेस.

नडगीचं दुखणं आधी बघ. एका बोटाने दाबत वरून खाली ये. नाण्याएवढ्या एकाच जागी कळ येत असेल, एका पायावर उडी मारताना किंवा रात्री झोपेतही दुखत असेल, तर हाडाला बारीक तडा असू शकतो. पळणं आजच थांबव. सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांत एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो, म्हणून 'एक्स-रेत काही नाही' ऐकून पुन्हा ट्रॅकवर उतरू नकोस. शंका असेल तर एमआरआय लागतो. पूर्ण नडगीभर पसरलेलं, पळताना सुरू होऊन विश्रांतीने थांबणारं दुखणं तितकं गंभीर नसतं, पण दाखवायचं तेही.

रात्रीचं जेवण आजपासून सुरू. रोजच्या खाण्यात ३०० ते ५०० कॅलरींची भर हवी: एक भाकरी, वाटीभर उसळ आणि मूठभर शेंगदाणे इतक्यात ती होते. सकाळी पळून आल्यावर अर्ध्या तासात काहीतरी पोटात गेलंच पाहिजे, दूध-केळी किंवा चणे-गूळ. आठवड्यात एक दिवस पूर्ण विश्रांती. तुझ्या उंचीला किमान ४६-४७ किलो वजन लागतं, आणि पाळी ज्या वजनाला येत होती ते ५२ होतं, हे लक्षात ठेव. पाळी परतायला काही महिने लागतात. मध्येच कुणी 'पाळी यायची' गोळी दिली तर रक्त दिसेल, पण त्याने हाडं भरत नाहीत आणि दुखणं झाकलं जातं. उपाशी राहून ८०० मीटरची वेळही सुधारत नाही. गोळाफेकीला तर ताकदच लागते.

मुलगी १५ वर्षांची. प्रत्येक पाळी नऊ-दहा दिवस. पहिले तीन दिवस तासा-दोन तासाला पॅड बदलावं लागतं, रात्री अंथरूण खराब होतं. हिमोग्लोबिन ८.४ निघालं. शाळेत निळी गोळी मिळते ती घेते. वयात येताना असंच असतं का? – नांदेड

नाही, असं नसतं. तारखा वेळेवर असल्या तरी हे दुखणंच आहे.

तिच्या वयाला हिमोग्लोबिन १२ च्या वर हवं. शाळेतली निळी गोळी आठवड्याला एक, तीत ६० मि.ग्रॅ. लोह, ती रक्त कमी होऊ नये म्हणून. झालेली कमतरता भरायला लोह डॉक्टर सांगतील त्या मापाने नियमित घ्यावं लागतं आणि हिमोग्लोबिन भरल्यावरही साधारण तीन महिने चालू ठेवायचं, कारण साठा नंतर भरतो. आपल्याकडे चूक इथेच होते: आकडा ११ झाला की स्ट्रिप कपाटात जाते. गोळीच्या आगेमागे तासभर चहा नको, कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळी, लिंबू-पाणी चालेल. शौचाला काळं होईल, घाबरू नका.

पण नळ चालू ठेवून बादली भरायची नाही. पहिल्या पाळीपासूनच इतकं जात असेल, तर रक्त गोठण्यातला दोष शोधावा लागतो. मुलीला विचारा: नाकाचा घोळणा वारंवार फुटतो का, दहा-दहा मिनिटं थांबत नाही असं होतं का? हिरड्यांतून येतं का? मार न लागता काळेनिळे डाग पडतात का? दात काढल्यावर रक्त थांबायला वेळ लागला होता का? घरात कुणा बाईला बाळंतपणात फार रक्तस्राव झाला होता का? यातला सगळ्यात जास्त आढळणारा जन्मजात दोष म्हणजे व्हॉन विलब्रँड. त्यात पीटी, एपीटीटी या रक्त गोठण्याच्या नेहमीच्या तपासण्या नॉर्मल येऊ शकतात, म्हणून प्लेटलेट्स, फेरिटिन (लोहाचा साठा), टीएसएच यांच्याबरोबर व्हॉन विलब्रँडची स्वतंत्र तपासणी करायला सांगा. ती होईपर्यंत पोटदुखीला ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन, मेफेनॅमिक ॲसिड देऊ नका. पॅरासिटामॉल चालेल.

उपचार आहेत आणि ते चांगले लागू पडतात. ट्रॅनेक्झॅमिक ॲसिडच्या गोळ्या फक्त जास्त जाण्याच्या दिवसांत, साधारण चार-पाच दिवस. किंवा काही महिने हार्मोनच्या गोळ्या. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीनेच. या वयात पिशवी खरवडण्याची वेळ सहसा येत नाही.

भेटीला जाताना पॅडची नोंद न्या. स्वच्छतेसाठी बदललेलं पॅड वेगळं आणि काठोकाठ भिजलेलं वेगळं. रोजची दोन्ही लिहा. रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडल्या तर तेही. सलग दोन तास दर तासाला एक पॅड पूर्ण भिजलं, उभं राहिल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, किंवा बसल्या जागी धडधडलं, तर तारीख घेत बसू नका, त्याच दिवशी रुग्णालय गाठा.

वय २३. गौरी-गणपतीला आणि दोन लग्नांना पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या घेतल्या, वर्षात तीनदा. या वेळी गोळ्या संपून सहा दिवस झाले, पाळी नाही. – डोंबिवली

नॉरेथिस्टेरॉन ५ मि.ग्रॅ., अपेक्षित तारखेच्या तीन दिवस आधीपासून दिवसातून तीनदा, अशी ती घेतात. थांबवल्यावर साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. सहा दिवस म्हणजे जरा जास्त झाले. संबंध आला असेल तर आजच गरोदरपणाची तपासणी करा. ही गोळी या मापात गर्भनिरोधक नाही, हे अनेकींना ठाऊक नसतं. तपासणी नकारात्मक आली आणि दहा दिवसांतही पाळी नाही आली तर दाखवा. एक गोळी चुकली तर मध्येच डाग दिसतात, आणि पाळी सुरू झाल्यावर गोळ्या घेऊन ती 'परत' जात नाही.

पायात किंवा फुप्फुसात गुठळी झालेली असणं, यकृताचं दुखणं, चमकत्या रेषांची अर्धशिशी यांत ही गोळी घ्यायची नाही. तिचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनसारख्या द्रव्यात बदलतो, म्हणून इतक्या मोठ्या डोसला गुठळीचा धोका वाढतो. दुकानदार हे विचारत नाही. पूजेला बसायचं की नाही हे तुमच्या घरात तुम्ही ठरवा; पण गौरी जेवायच्या दिवशी पाळी आली म्हणून तब्येतीचं काही बिघडत नाही, गोळीने क्वचित बिघडतं. आणि गोळीनंतर आलेल्या पाळीवरून 'माझं चक्र अनियमित आहे' असा हिशेब मांडू नका. पुढचे दोन महिने गोळीविना मोजा.

वय २२, अविवाहित. दोन महिने पाळी नाही आणि स्तन दाबल्यावर दुधासारखं येतं. ॲसिडिटीची गोळी तीन महिने चालू आहे. – कोल्हापूर

गोळीच्या पाकिटावर डोम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड लिहिलंय का बघा. ॲसिडिटीच्या औषधात ही जोडीला असतात, प्रोलॅक्टिन वाढवतात आणि पाळी थांबवतात. ज्यांनी दिली त्यांना विचारून बंद करा. गरोदरपणाची तपासणी, टीएसएच आणि प्रोलॅक्टिन करा. प्रोलॅक्टिन सकाळी, उपाशीपोटी, थोडा वेळ शांत बसून. स्तन दाबून पुन्हा पुन्हा बघू नका, त्यानेही ते वाढतं. सोबत डोकेदुखी किंवा बाजूचं कमी दिसणं असेल तर थांबू नका. मानसिक आजाराची औषधं चालू असतील तर ती मात्र स्वतःहून बंद करायची नाहीत.

७२ तासांची गोळी घेतली. पाळीची तारीख उलटून चार दिवस झाले. – नाव-गाव नको

संबंधानंतर गर्भ राहू नये म्हणून घेतात त्या या गोळीने पाळी आठवडाभर आधी किंवा नंतर येऊ शकते, मध्ये डागही दिसतात. सात दिवस उलटले तर सकाळच्या पहिल्या लघवीची तपासणी कर. संबंधाला तीन आठवडे झाल्यावर आलेला नकारात्मक निकाल भरवशाचा. एका बाजूला ओटीपोटात तीव्र कळ, खांद्यात दुखणं किंवा चक्कर आली तर लगेच रुग्णालयात जा, गर्भ नळीत राहिला असू शकतो.

मुलगी साडेपंधरा वर्षांची, अंगाने भरली आहे, पण पाळी नाही. दर महिन्याला तीन-चार दिवस पोट मात्र दुखतं. – जालना

याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे न्या. पंधरा वर्षं पूर्ण होऊनही पाळी नसेल तर तपासणी करायचीच. त्यात दर महिन्याचं दुखणं म्हणजे पाळी येतेय पण बाहेर पडायला वाट नाही, अशी शक्यता. योनिमुखावरचा पडदा पूर्ण बंद असेल तर छोट्या शस्त्रक्रियेने प्रश्न सुटतो. लघवी अडली तर त्याच दिवशी जा.

डॉक्टर आतून तपासतील या भीतीने मुलगी यायलाच तयार नाही. – बऱ्याच आया

संबंध न आलेल्या मुलीची आतून तपासणी सहसा लागत नाही. बोलणं, वजन, उंची, रक्तदाब, पोटावरून तपासणी आणि रक्त, इतक्यात बहुतेक उत्तरं मिळतात. सोनोग्राफी लागलीच तर पोटावरून होते. त्याआधी तासभर चार-पाच ग्लास पाणी पिऊन लघवी रोखून धरायची, नाहीतर गर्भाशय नीट दिसत नाही आणि पुन्हा बोलावतात. तपासताना सोबत आई किंवा नर्स असावी असं मुलगी म्हणू शकते. थोडा वेळ आईला बाहेर बसवून डॉक्टर मुलीशी एकटीशी बोलतात, त्याला हरकत घेऊ नका. काही गोष्टी आईसमोर निघत नाहीत. जवळ स्त्रीरोगतज्ज्ञ नसतील तर ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींसाठी 'मैत्री' क्लिनिक असतं. जाताना मागच्या सहा महिन्यांच्या तारखा, चालू गोळ्यांची पाकिटं आणि जुने रिपोर्ट घेऊन जा.